बाजार बघायचा तर वस्तू उलटून बघा

परमुलखातले खाण्यापिण्याचे, कारागिरीचे आणि जुन्या वस्तूंचे बाजार कसे फिरावेत, याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : एखाद्या भागात दोन-तीन दिवसच मुक्काम असतो. तेवढ्यात तिन्ही प्रकारचे बाजार बघायचे तर आखणी कशी करावी?

आधी बाजाराचा वार बघा, मग तिकिटं काढा. बहुतेकांचं उलटं होतं आणि मग सोमवारी पोचल्यावर कळतं की बाजार काल होता. छोट्या गावांत बाजार आठवड्यातून एकदाच भरतो. जुन्या वस्तूंचा तर अनेकदा महिन्यातून एकदा, ठरावीक रविवारी. ‘दर रविवारी’ आणि ‘पहिल्या रविवारी’ यांत फार जण फसतात. मध्ये सण किंवा सुट्टी आली तर बाजार एक दिवस अलीकडे-पलीकडे सरकतो, नाहीतर भरतच नाही. आदल्या दिवशी खात्री करून घ्यायची असेल तर मुक्कामाच्या ठिकाणी स्वयंपाकघरात काम करणाऱ्या माणसाला विचारा. स्वागतकक्षातून प्रवाशांसाठीच्या बाजाराचा पत्ता मिळतो. स्वयंपाकी स्वतः जिथे भाजी घेतो तिथला सांगतो.

वेळा तिन्ही बाजारांच्या वेगळ्या. खाण्याच्या बाजारात उघडल्यापासूनचे पहिले दोन तास उत्तम, पण तो किरकोळ बाजार आहे ना, हे आधी विचारून घ्या. घाऊक बाजार उजाडेपर्यंत आटोपत आलेला असतो. तिथे पोतं किंवा पेटी याच्या खाली माल मिळत नाही आणि हातगाड्यांच्या वाटेत उभा राहिलेला पाहुणा कुणालाच नको असतो.

जुन्या वस्तूंच्या बाजाराला दोनच चांगल्या वेळा: माल उतरत असताना आणि आवराआवर सुरू झाल्यावर. पहाटे बॅटरी घेऊन फिरणारे लोक बहुतेक व्यापारीच असतात आणि निवडक माल त्यांच्यातच हात बदलतो. तुम्हाला नेमकं काहीतरी हवं असेल तर तेव्हाच जा. स्वस्त हवं असेल तर शेवटचा तास गाठा, मात्र तेव्हा भाव उतरतो तो जड मालाचा. कपाट, पुस्तकांची खोकी, चिनी मातीचे संच परत गाडीत चढवायचा विक्रेत्याला कंटाळा असतो. अंगठ्या आणि नाणी खिशात मावतात, त्यामुळे त्यांचा भाव संध्याकाळीही तोच.

कारागिरांकडे सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. गर्दीत त्यांना बोलायला सवड नसते आणि या बाजारात बोलणं हीच अर्धी खरेदी असते.

प्रश्न : ‘हातमागाचं’ आणि ‘हाताने छापलेलं’ म्हणून कापड देतात. घेताना खरंखोटं कसं ओळखायचं?

कापड उलटं करा. विकणारा सुलट बाजू दाखवतो. माहिती उलट बाजूला आणि काठाला असते.

आधी काठ बघा. धोट्याने (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनाने) विणलेल्या कापडात आडवा धागा कडेला पोचून वळतो आणि परत येतो, त्यामुळे काठ बंद, सलग असतो. नव्या बिनधोट्याच्या यंत्रमागावर तो प्रत्येक फेरीला कापला जातो आणि कडेला बारीक झालर राहते किंवा टोकं आत दुमडलेली दिसतात. अशी झालर दिसली की हातमागाची गोष्ट तिथेच संपली. याचं उलट मात्र खरं नाही. काठ बंद आहे म्हणून कापड हातमागाचंच ठरत नाही, कारण धोट्याचे यंत्रमागही आहेत. म्हणून पुढे विणीकडे या. कापड उजेडासमोर धरा. हाताने ठोकलेल्या विणीत कुठे धागे किंचित दाट, कुठे किंचित विरळ असे पट्टे येतात आणि त्यांच्यातलं अंतर सारखं नसतं. काठालगत कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या सुयांची भोकं असतात. विणकर ती पट्टी हाताने पुढे सरकवतो, म्हणून ती थोड्या थोड्या अंतरावर, जरा वेडीवाकडी पडलेली असतात. यंत्राच्या दातांची भोकं सलग आणि मापात असतात.

ठशाच्या छपाईत ठसा एकामागून एक टेकवत नेतात. एका ठशाची कड दुसऱ्याला जिथे भिडते तिथे रंग थोडा चढतो किंवा केसाएवढी फट राहते. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, त्यामुळे लाल रंग काळ्या रेघेच्या किंचित बाहेर गेलेला सापडतो. हे विक्रेत्यांनाही माहीत असतं, म्हणून यंत्रछपाईत मुद्दाम अशा ‘चुका’ घालतात. त्या पकडायला सोपं आहे. एक चूक निवडा आणि कापडावर पुढे सरका. नेमक्या तेवढ्याच अंतरावर तीच फट, तेवढीच रुंद, पुन्हा आली तर ती चूक आराखड्यातच आहे. हाताच्या कामात ठशाला पडलेला टवका पुन्हा पुन्हा उमटेल, पण दोन ठशांमधली फट आणि रंगाचा दाटपणा प्रत्येक वेळी वेगळा असतो. डिजिटल छपाईत उलट बाजू बहुधा पांढरी, फिकी राहते.

भरतकामातही पाठच बघायची. यंत्राच्या कामात खालचा धागा वेगळा असतो, बहुधा पांढरा. हाताच्या कामात पुढचाच धागा मागे दिसतो, गाठी असतात आणि एका फुलावरून दुसऱ्यावर गेलेले लांब टाके असतात. फार स्वच्छ पाठ बघून खूश होण्याआधी जरा थांबा.

रंग जातो म्हणून कापड खोटं, हा समज मात्र सोडून द्या. ओल्या पांढऱ्या रुमालावर अस्सल नीळही उतरते. रुमालाने घासून कापडाचा पक्का-कच्चा रंग कळेल, नैसर्गिक आहे की नाही ते कळणार नाही.

रेशमाची शंका असेल तर परवानगी घेऊन झालरीतला एक धागा मागा आणि बाहेर नेऊन जाळा. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. व्हिस्कोज (लाकडाच्या लगद्यापासून केलेला कृत्रिम धागा) कागदासारखं जळतं. ‘रेशमी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ स्वस्त कापडांत हेच असतं.

किंमत योग्य आहे का, हे ठरवायला एकच प्रश्न पुरतो: एवढं विणायला किती दिवस लागले? साधी वीण हातमागावर दिवसाला काही मीटर निघते, गुंतागुंतीची नक्षी असेल तर काही सेंटीमीटर. उत्तराला एका दिवसाच्या मजुरीने गुणा. आलेला आकडा सांगितलेल्या किमतीपेक्षा मोठा असेल तर कापड हाताचं नाही, किंवा विणणाऱ्याला पैसे मिळत नाहीत.

प्रश्न : भौगोलिक मानांकनाचं लेबल असेल तर डोळे झाकून घ्यावं का?

नाही. मानांकन म्हणजे त्या नावाचा माल त्या भागातला आणि ठरलेल्या पद्धतीचा असला पाहिजे, एवढा नियम. समोरच्या वस्तूवर लावलेलं लेबल कुणी लावलं, हा प्रश्न उरतोच. ते वापरणाऱ्या उत्पादकाची किंवा संघाची नोंदणी असते, ती बघायला मागा. शिवाय प्रत्येक मानांकनात ‘हाताने’ ही अट असतेच असं नाही.

प्रश्न : जुन्या बाजारात ‘शंभर वर्षांची’ म्हणून लाकडी पेटी आणि छोटं गोल टेबल सांगत होते. वय कसं ओळखायचं? सोबत काय न्यावं?

सोबत मोजपट्टी, बॅटरी, छोटं लोहचुंबक आणि 10 पट मोठं दाखवणारं भिंग. एवढं खिशात मावतं.

टेबलाचा व्यास दोनदा मोजा, एकदा लाकडाच्या रेषांच्या दिशेने आणि एकदा आडवा. लाकूड वर्षानुवर्षं वाळताना रेषांना आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे अखंड लाकडाचं जुनं गोल टेबल काही मिलिमीटर लंबगोल झालेलं असतं. दोन्ही मापं तंतोतंत सारखी आली तर फळी नवी आहे, प्लायवूड आहे किंवा पुन्हा कापलेली आहे.

पेटीचा खण पूर्ण बाहेर काढा आणि पालथा घाला. कोपऱ्यातले डव्हटेलचे (पारव्याच्या शेपटीच्या आकाराचे दात एकमेकांत अडकवलेले) सांधे बघा. हाताने कापलेले दात कमी-जास्त रुंद असतात आणि सुताराने आखलेली बारीक रेघ अजून दिसते. यंत्राचे सगळे एका मापाचे. मग खणाच्या बुडावरचे करवतीचे वण: हातकरवतीचे सरळ पण असमान, गोल पात्याच्या करवतीचे कमानदार. आतलं लाकूड आणि बाहेरचं लाकूड एकाच रंगाचं चकचकीत असेल तर तो रंग पॉलिशवाल्याने चढवलेला आहे. हवा लागून काळवंडलेलं लाकूड कुठेही एकसारखं नसतं. हात लागतो तिथे गुळगुळीत आणि गडद, कोपऱ्यात खडबडीत.

एखादा स्क्रू काढू देत असतील तर काढून बघा. हाताने घडवलेल्या स्क्रूची खाच मध्यावर नसते आणि टोक बोथट असतं. टोकदार स्क्रू 19व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कारखान्यांतून येऊ लागले. अधिक चिन्हासारख्या खाचेचे 1930 च्या दशकात आले. एक नवा स्क्रू म्हणजे दुरुस्ती, सगळेच नवे म्हणजे वेगळी गोष्ट.

लाकडाला भोकं असतील तर खाली पांढरा कागद धरून टिचक्या मारा. फिकट, ताजं पीठ पडलं तर कीड आत जिवंत असण्याचा संभव आहे आणि ती तुमच्या घरातल्या लाकडातही जाईल. जुन्या, काळ्या, कोरड्या भोकांची काळजी नाही.

आणि विक्रेत्याने सांगितलेली वस्तूची गोष्ट किमतीत धरू नका. ती पुढच्या गिऱ्हाइकालाही सांगितली जाणार आहे.

प्रश्न : चिनी मातीच्या जुन्या बश्या आणि पितळ-तांब्याची भांडी घेतली तर वापरता येतात का? बश्यांवरच्या शिक्क्यांचा उपयोग होतो का?

शिक्क्यांचा चांगला उपयोग होतो. अमेरिकेच्या 1890 च्या आयात कायद्यामुळे 1891 पासून तिथे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव इंग्रजीत छापणं सक्तीचं झालं, त्यामुळे निर्यातीच्या मालावर देशाचं नाव असेल तर तो बहुधा त्यानंतरचा. जपानी मालावर ‘निप्पॉन’ 1921 पर्यंत दिसतं, पुढे ‘जपान’. ‘ऑक्युपाइड जपान’ हे दुसऱ्या महायुद्धानंतर 1952 पर्यंतचं. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर 1949 ते 1990. यात मेख अशी की शिक्के नव्याने छापणं सोपं आहे. म्हणून शिक्क्याइतकंच बुडाच्या कडेकडे बघा. वर्षानुवर्षं टेबलावर घासलेल्या कडेला बारीक, वेगवेगळ्या दिशांचे ओरखडे असतात. सॅंडपेपरने काढलेले सगळे एका दिशेला जातात.

बशी तीन बोटांवर तोलून नखाने टिचकी मारा. लांब, स्वच्छ नाद आला तर अखंड. बद्द आवाज म्हणजे बहुधा तडा, दिसत नसला तरी.

वापराबद्दल आमचं मत सरळ आहे: जुन्या झिलईच्या, विशेषतः लाल, नारिंगी, पिवळ्या रंगाच्या बश्या भिंतीवर लावा. त्या रंगांत आणि झिलईत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं आणि आंबट, गरम पदार्थांत ते उतरतं. झिलईला जाळीसारख्या भेगा पडल्या असतील तर धोका आणखी. तांब्या-पितळेच्या भांड्याची आतली कल्हई बघा. उडाली असेल तर पुन्हा करून घेतल्याशिवाय आंबट काही ठेवू नका, कळकेल. पितळ म्हणून घेतलेल्या भांड्याला चुंबक चिकटलं तर ते वर मुलामा दिलेलं लोखंड आहे. चुंबक चिकटलं नाही म्हणून चांदी ठरत नाही, कारण पितळ आणि जर्मन सिल्व्हरलाही ते चिकटत नाही. ‘925’ म्हणजे हजारात 925 भाग चांदी. ‘ईपीएनएस’ म्हणजे चांदीचा नुसता मुलामा.

प्रश्न : बाजारात खायचं असतं, पण पोट बिघडण्याची भीती वाटते. कुठे खावं?

जिथे पदार्थ तुमच्यासमोर तव्यातून किंवा कढईतून ताटलीत पडतो तिथे. रांग लांब आहे एवढ्यावर जाऊ नका, माल किती लवकर संपतो ते बघा. लांब रांग आणि आधीपासून रचून ठेवलेला ढीग, दोन्ही एकदम असतात. गरम पदार्थ 60 अंश सेल्सियसच्या वर आणि थंड 5 अंशांच्या खाली राहिला पाहिजे. मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून उघड्यावर दोन तास आणि कडक उन्हात एक तास ही मर्यादा धरा. शिजवलेल्या अन्नापेक्षा लोक बाकीच्या गोष्टींनी जास्त आजारी पडतात: बर्फ, कापून ठेवलेली फळं, वरून घातलेली कच्ची चटणी, आणि ज्या बादलीत ताटल्या बुचकळतात ते पाणी. ताटलीऐवजी कागदावर किंवा पानावर मागा. न तापवलेल्या दुधाचं मऊ चीज गर्भवतींनी टाळावं, कारण त्यातून लिस्टेरिया या जंतूचा संसर्ग होऊ शकतो.

मधाबद्दल दोन पत्रं आहेत. पाण्यात थेंब टाकणं, काडी पेटवणं या चाचण्यांनी भेसळ कळत नाही, दाटपणा तेवढा कळतो. मध गोठून रवाळ होणं हा दोष नाही. वर फेस आणि आंबूस वास असेल तर त्यात पाणी जास्त आहे आणि तो आंबतोय. एक वर्षाखालच्या बाळाला कुठलाच मध देऊ नका. मसाले अख्खे घ्या, पूड नको.

प्रश्न : घासाघीस कुठे करावी, कुठे नाही?

जुन्या वस्तूंत करावी, तिथे सांगितलेला भाव हा बोलण्याची सुरुवात असतो. भाजी-फळांत भाव पाडू नका. फार तर जास्त घेताना मूठभर वर मागा. स्वतः बनवून विकणाऱ्याशी एका नगावर घासाघीस शोभत नाही, तीन-चार नग घेताना एकूण किती, असं विचारा.

जुन्या बाजारात हवी ती वस्तू आधी उचलू नका. शेजारची दुसरी विचारा, मग ही, मग दोन्ही मिळून. दोष दाखवायचा तर एकदाच, आवाज न चढवता. आकडा सांगून गप्प बसा. ही शांतता बहुतेक गिऱ्हाइकांना पेलत नाही आणि ते स्वतःच आपला आकडा वाढवतात. सुट्टे पैसे वेगळे ठेवा: कमी भाव ठरवून मोठी नोट काढली की सगळं ओशाळवाणं होतं. आणि तुम्ही बोललेला भाव समोरच्याने मान्य केला तर वस्तू घ्यायचीच. घ्यायची नसेल तर आकडा बोलू नये, हा सगळीकडचा अलिखित नियम आहे.

नक्षीकामाचे जवळून फोटो विचारल्याशिवाय काढू नका. कारागीर नाही म्हणतात ते लाजून नव्हे. फोटोवरून नक्षी उचलली जाते.

प्रश्न : घेतलेलं सामान परदेशातून घरी सुखरूप कसं आणावं? काय आणता येत नाही?

कुरियरने पाठवायचं तर आधी खोक्याचं गणित करा. बऱ्याच कंपन्या हवाई पार्सलला लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात आणि येणारे किलो प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असतील तर त्यांचे पैसे घेतात. 60 × 40 × 40 सेंटीमीटरचं खोकं 6 किलोचं असलं तरी 19.2 किलोचं धरलं जाईल. टोपल्या, दिवे, मुखवटे यांत लोक हमखास अडकतात. टोपल्या एकात एक बसणाऱ्या घ्या.

फुटणाऱ्या वस्तूचा पोकळ भाग आधी कागदाने भरा, मग बाहेरून गुंडाळा. ती एका खोक्यात आणि ते खोकं दुसऱ्यात, मध्ये सगळीकडून 5 सेंटीमीटर भरण. बंद करून हलवा. आत काही सरकलं तर पुन्हा उघडा. कान आणि मुठी आधी तुटतात, त्यांना स्वतंत्र गुंडाळी हवी. कच्च्या लाकडाची पेटी करून पाठवणार असाल तर पॅकिंगच्या लाकडासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे: लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर सलग 30 मिनिटं तापवलेलं, किंवा मान्य वायूने धुरी दिलेलं, आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का. शिक्का नसेल तर पेटी बंदरावरच अडकते. कार्डबोर्ड आणि प्लायवूडला हा नियम लागत नाही.

हस्तिदंत, कासवाचं कवच, काही पोवळी, काही प्राण्यांची फर, काही सरड्या-सापांची कातडी यांना ‘साइट्स’ हा धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार लागतो. 1973 मध्ये त्यावर सह्या झाल्या आणि 1975 पासून तो लागू आहे. वस्तू जुनी आहे हे पुरत नाही, तिचं जुनेपण सिद्ध करणारा परवाना लागतो आणि तो बाजारातल्या पावतीने मिळत नाही. शिसवीच्या गटातलं लाकूडही या यादीत आहे, पण त्यातल्या बहुतेक जातींच्या तयार वस्तूंना एका खेपेत 10 किलो लाकडापर्यंत सूट आहे. जुन्या मूर्ती, हस्तलिखितं, उत्खननातली नाणी यांना हात लावू नका. बहुतेक देशांत ती बाहेर नेण्याची बंदी आहे आणि विकणाऱ्याला काही होत नाही, नेणारा पकडला जातो. बिया, माती लागलेली मुळं, मांस आणि दूधदुभतं बहुधा जप्त होतं. मध, लोणचं, मुरंबा हे विमानात हातातल्या सामानात द्रव धरतात, बहुतेक ठिकाणी 100 मिलीलीटरची मर्यादा.

प्रश्न : जुनी रजई आणि गालिचा घ्यायचा मोह होतो, पण ढेकणांची भीती वाटते.

भीती रास्त आहे. घेताना शिवणी आणि कोपरे बॅटरीने तपासा: पेनाच्या टोकाएवढे काळे ठिपके आणि फिकट रिकामी टरफलं ही खूण. एकही दिसलं तर ठेवून द्या. गालिच्याची उलट बाजू हाताने घासा, धागे सुटून हातात आले तर कसर लागून गेली आहे.

काहीच दिसलं नाही तरी वस्तू घरात मोकळी आणू नका. बाजारातच जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड चिकटपट्टीने बंद करा. धुता येणारं कापड ड्रायरमध्ये सर्वांत जास्त उष्णतेवर किमान 30 मिनिटं फिरवा. न धुता येणारं बंद पिशवीतच उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. ढेकूण त्याआधीच मरतात, कसरीच्या अंड्यांना जास्त वेळ लागतो. फ्रीजचा बर्फाचा छोटा कप्पा एवढा थंड नसतो, आधी थर्मामीटर ठेवून बघा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका. कापड खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, निदान एक दिवस, तशीच राहू द्या. नाहीतर हवेतला दमटपणा थंड धाग्यांवर बसतो आणि बुरशी धरते.